दोन रांगांचं शहर

हवानाच्या वेदादो भागात कोपेलिया नावाचं एक भलंमोठं आइस्क्रीमचं दुकान आहे. दुकान कसलं, बागच म्हणायची. दाट झाडांच्या मधोमध उडत्या तबकडीसारखी गोल इमारत आणि चारी बाजूंच्या फुटपाथवर माणसांच्या रांगा. क्रांतीनंतर, १९६६ साली, ते सरकारनं उभारलं. चांगलं आइस्क्रीम ही काही श्रीमंतांचीच मिरास नव्हे, हा त्यामागचा विचार. फेब्रुवारी २०१८ मध्ये मी आणि पत्नी तिथं पोचलो तेव्हा दुपार कलली होती आणि रांग कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली होती. रेशनच्या आणि रॉकेलच्या रांगांत लहानाचे मोठे झालेले आम्ही, मुकाट्यानं शेपटाला जाऊन उभे राहिलो.

दोन मिनिटांत रखवालदार आला. आमच्याकडे एकवार बघून त्यानं हातानंच सांगितलं, तुमची रांग ही नव्हे, ती तिकडे. 'तिकडे' रांग नव्हतीच. एक छोटा स्टॉल, चार रिकाम्या खुर्च्या, आणि कंटाळलेली एक विक्रेती. त्या काळात क्युबात दोन चलनं चालत. लोकांना पगार मिळे तो साध्या पेसोत. परदेशी माणूस डॉलर किंवा युरो मोडून घेई तो 'परिवर्तनीय' पेसो. असल्या एका पेसोला साधे पंचवीस. लांब रांगेतल्या माणसाला आपल्या हिशेबानं पंधरा रुपयांच्या आत पाच गोळे मिळत होते. आम्ही दोन गोळ्यांना त्याच्या दहापटीहून जास्त मोजले, आणि एक मिनिटही थांबलो नाही.

"जास्त पैसे देतो म्हणून उभं राहायचं नाही, इतकंच ना? आपल्याकडे देवळातसुद्धा हेच चालतं," पत्नी म्हणाली. मग रांगेतल्या एका लेकुरवाळ्या बाईकडे पाहत तिनं चमचा खाली ठेवला. "पण इथं हे नसेल असं वाटलं होतं."

मलाही तसंच वाटलं होतं. खरं तर त्यासाठीच मी आलो होतो.

पन्नास रुपयांचं नातं

माझ्या पिढीतल्या कित्येकांच्या लेखी क्युबा नकाशापेक्षा भिंतीवर जास्त होता. चे गेव्हाराचा तो फोटो आठवतो ना? विस्कटलेले केस, टोपीवर तारा, दूर कुठंतरी लागलेली नजर. आल्बेर्तो कोर्दा यांनी तो ५ मार्च १९६० रोजी हवानात काढला. त्याची पोस्टरं जगभर छापली गेली, पण त्यांनी कधी मानधन मागितलं नाही. २००० साली एका व्होडकाच्या जाहिरातीत तो वापरला गेला, तेव्हा मात्र ते कोर्टात गेले आणि तडजोडीचे मिळालेले पन्नास हजार डॉलर त्यांनी क्युबातल्या औषधोपचारासाठी देऊन टाकले. आज तोच चे आपल्याकडे रस्त्यावरच्या टी-शर्टवर लटकलेला दिसतो. विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही तो कोण हे ठाऊक असेलच असं नाही.

माझं आणि क्युबाचं नातं मात्र पन्नास रुपयांचं. १९९१ हे वर्ष दोन्ही देशांना लागलं, पण उलट्या बाजूंनी. आपण उदारीकरणाचा दरवाजा किलकिला केला. १९७७ मध्ये देश सोडून गेलेलं कोकाकोला १९९३ मध्ये वाजतगाजत परत आलं आणि येताना आपला थम्स अपही विकत घेऊन बसलं. तिकडे क्युबाचं तेल, धान्य, यंत्रं सगळं ज्याच्या भरवशावर चालायचं तो सोव्हिएत संघ १९९१ च्या अखेरीला नाहीसा झाला. अमेरिकेची व्यापारबंदी १९६२ पासून होतीच. देश उपाशी राहायची वेळ आली. १९९२ मध्ये आपल्याकडच्या डाव्या पक्षांनी क्युबासाठी गहू जमवून जहाजानं पाठवला. आमच्या बँकेतही पावतीपुस्तक फिरलं आणि मी पन्नास रुपये दिले. ती पावती बरीच वर्षं माझ्या पाकिटात होती.

निवृत्तीनंतर जायचं ठरलं तेव्हा सगळ्यांनी एकच सांगितलं, बदलायच्या आधी बघून या. अमेरिका आणि क्युबा यांचे राजनैतिक संबंध जुलै २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाले होते. मार्च २०१६ मध्ये ओबामा हवानात येऊन गेले, त्याच आठवड्यात रोलिंग स्टोन्सचा फुकट कार्यक्रम झाला, मे महिन्यात शनेलचा फॅशन शो भर रस्त्यावर झाला. नोव्हेंबरात फिडेल कॅस्ट्रो गेले. आता मॅकडोनाल्ड यायला किती वेळ, असं जो तो म्हणत होता.

बाईंचं घर

आम्ही उतरलो ते एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी. घरातली खोली परदेशी पाहुण्याला भाड्यानं द्यायला तिथं १९९७ पासून परवानगी आहे. दारावर निळ्या रंगाची, उलट्या नांगरासारखी खूण असते. बाई सत्तरीच्या, ताठ कण्याच्या. शाळेत इंग्रजी शिकवलेलं, त्यामुळे आमची भाषेची अडचण सुटली. आम्ही त्यांना पहिल्या दिवसापासून 'बाई'च म्हणू लागलो. अर्थ सांगितल्यावर त्यांना ते आवडलं.

दिवाणखान्यातल्या फळीवर एक कंदील होता. पाहताक्षणी मला आमच्या गावच्या ओटीवरचा कंदील आठवला. पण या कंदिलाचा इतिहास वेगळा होता. १९६१ साली क्युबानं एका वर्षात निरक्षरता हटवायची मोहीम काढली. शाळा बंद ठेवून लाखभर मुलामुलींना खेड्यापाड्यांत आणि डोंगरांत धाडलं. सोबत पुस्तक आणि कंदील. वर्षभरात सात लाखांवर माणसं लिहायला-वाचायला शिकली. बाई तेव्हा तेरा वर्षांच्या होत्या.

"माझा विद्यार्थी माझ्या आजोबांच्या वयाचा होता," त्या सांगत होत्या. "शेवटची परीक्षा म्हणून प्रत्येकानं फिडेलना पत्र लिहायचं. त्यानं लिहिलं, खाली सही केली आणि पेन्सिल स्वतःच्या खिशात घातली. मी मागितली नाही."

कंदील पुढे पुन्हा उपयोगी पडला. नव्वदीतल्या टंचाईच्या काळाला सरकारी नाव होतं 'विशेष काळ'. दिवसाचे इतके तास अंधार असे, की लोक 'वीज गेली' म्हणण्याऐवजी थट्टेनं 'आज उजेड आला होता' म्हणत. बस बंद पडल्या, चीनमधून लाखो सायकली आल्या. बकोत्र्यासारख्या फळाची जाड साल तळून लोक मटणाची हौस भागवत. मी संधी साधून आमच्या गव्हाची गोष्ट काढली. पन्नास रुपयेही सांगितले. बाईंनी नीट ऐकून घेतलं.

"आला असेल," त्या शांतपणे म्हणाल्या. "रागावू नका. त्या वर्षांत काय आलं ते मला आठवत नाही. काय आलं नाही, ते सगळं आठवतं."

आमच्यासाठी लावलेलं गाणं

जुन्या हवानात फिरताना पहिले दोन दिवस आम्ही हरखून गेलो होतो. गुलाबी-आकाशी रंगांच्या, १९५० च्या दशकातल्या लांबलचक अमेरिकन गाड्या. कोरीव सज्जे, फरशीबंद चौक. हे जुनं शहर १९८२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं. शहराचे इतिहासकार एउसेबियो लेआल यांनी पर्यटनातून येणारा पैसा वाड्यांच्या दुरुस्तीला लावायची युक्ती काढली आणि पडायला आलेल्या कितीतरी इमारती उभ्या राहिल्या. हे काम थोरच.

तिसऱ्या दिवशी एक गोष्ट लक्षात आली. ज्या उपाहारगृहात बसावं तिथं चार वादक येत आणि तेच गाणं वाजवत. कोंपाय सेगुंदो यांचं 'चान चान'. 'बुएना व्हिस्टा सोशल क्लब' ही ध्वनिमुद्रिका मार्च १९९६ मध्ये हवानाच्या सरकारी स्टुडिओत रेकॉर्ड झाली. खरं तर आफ्रिकेतल्या माली देशाच्या वादकांना क्युबन वादकांबरोबर बसवायचा बेत होता. मालीचे वादक पोचलेच नाहीत, म्हणून स्थानिक म्हाताऱ्या कलावंतांना गोळा केलं. पियानो वाजवणाऱ्या रुबेन गोन्झालेस यांच्या घरी तेव्हा पियानोसुद्धा नव्हता. इब्राहिम फेरेर पोटासाठी बूट पॉलिश करत. रेकॉर्ड निघाली आणि जगानं या सत्तरी-ऐंशीच्या म्हाताऱ्यांना डोक्यावर घेतलं. जागतिकीकरणाचं याहून गोड फळ दुसरं दाखवता येणार नाही.

पण त्या फळाची एक बी कडू होती. जगाला क्युबाचं संगीत म्हणून हेच हवं झालं, हेच आणि एवढंच. आमच्या चौकातला तरुण ट्रंपेटवाला दिवसातून वीसदा तेच वाजवत होता. टोपी फिरवून झाली, की भिंतीला टेकून कानात इयरफोन घालून भलतंच काही ऐकत बसे. मी खुणेनंच विचारलं, काय ऐकतोयस? त्यानं एक इयरफोन माझ्या कानाला लावला. धडाडधूम रेगेटोन! तो हसला. ते 'चान चान' आमच्यासाठी होतं, हे त्याच्यासाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंच्या अंगणात मी एका भिंतीचा फोटो काढत होतो. पिवळा, त्याखाली निळा, त्याखाली विटकरी, असे पोपडे धरलेले रंगांचे थर. वरून तिरकं ऊन. बाई कॉफी घेऊन बाहेर आल्या.

"त्या भिंतीत काय आहे?"

"सुंदर दिसते," मी म्हणालो.

"पावसात तिच्यातून पाणी येतं. सिमेंट मिळालं असतं, तर ती तुम्हाला दिसली नसती." कप माझ्या हातात देऊन त्या पुढे म्हणाल्या, "तुमच्याआधी जर्मन आले होते, त्यांच्याआधी कॅनडातले. सगळे एकच सांगतात, बदलायच्या आधी बघून घ्यावं म्हणून आलो. आम्ही तर बदलण्याचीच वाट बघतोय."

मला राग आला. माझं प्रेम खोटं आहे का? रात्री तसं बोलूनही दाखवलं. पत्नीनं माझी बाजू घेतली नाही. "तुमचं कोकणातलं घर आठवा," ती म्हणाली. "सुट्टीत गेलो की आपण सारवलेल्या जमिनीचं कौतुक करायचो. काकू बिचाऱ्या वीस वर्षं म्हणत होत्या, एकदा फरशी बसवा, कंबर मोडली माझी."

कानानं वाचलेलं जग

मग जपायचं तरी काय? की सगळं जाऊ द्यायचं? याचं उत्तर मला अनपेक्षित ठिकाणी मिळालं, सिगारच्या कारखान्यात.

मोठा दालनभर बाकांच्या रांगा. शाळेच्या वर्गासारख्याच. प्रत्येक बाकावर बाया-बापड्या तंबाखूची पानं वळताहेत, आणि समोर उंच ओट्यावर बसलेली एक स्त्री माइकवर पुस्तक वाचते आहे. हा तिथला पेशाच आहे, वाचकाचा. १८६५ साली हवानाच्या एका कारखान्यात तो सुरू झाला. सकाळी वर्तमानपत्र, नंतर कादंबरी. कुठली कादंबरी हे कामगार ठरवणार, आणि पूर्वी वाचणाऱ्याचा पगारही कामगारच वर्गणी काढून देत. स्पॅनिश सत्तेला यात धोका दिसला आणि १८६६ मध्ये बंदी आली. पण प्रथा टिकली. फ्लोरिडातल्या टँपाला गेलेल्या क्युबन कामगारांनी ती सोबत नेली. तिथं १९३१ मध्ये मालकांनी वाचक काढून रेडिओ बसवले. हवानात रेडिओही आला आणि वाचकही राहिला.

'माँटेक्रिस्टो' आणि 'रोमिओ अँड ज्युलिएट' ही जगप्रसिद्ध सिगारींची नावं. एक फ्रेंच कादंबरी, एक इंग्रजी नाटक. ड्यूमाची कादंबरी कामगारांची फार लाडकी, म्हणून ते नाव पडलं असं सांगतात. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांनी कानानं ड्यूमा आणि ह्यूगो वाचले. आपल्याकडे केरळात कण्णूरच्या विडी कामगारांतही असंच वाचन चाले. हेही जागतिकीकरणच की! फक्त ते दुकानातून आलं नव्हतं. आपल्याला काय ऐकायचं ते ऐकणाऱ्यांनी ठरवलं होतं.

वाचनात काहीतरी विनोद झाला असावा. सगळं दालन हसलं आणि पानं कापायची अर्धगोल पाती बाकांवर खडखड वाजली. तिथली ती टाळी. मला एक अक्षर कळलं नाही. आमच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही, आणि त्याचंच मला बरं वाटलं. हे आमच्यासाठी चाललेलं नव्हतं.

अर्थात यालाही दुसरी बाजू होती. सकाळी तिथं वाचलं जाई ते 'ग्रान्मा', म्हणजे सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाचं मुखपत्र. पक्षाविरुद्धचं मत त्या माइकवरून ऐकायची सोय नव्हती. लाखोंना वाचायला शिकवायचं आणि मग काय वाचायचं हे आपण ठरवायचं, यातला ताण त्या देशात जागोजाग दिसतो.

तरीही बाहेरचं वारं आलंच, आणि लोकांनी ते आपल्या पद्धतीनं आत घेतलं. खासगी खानावळींना तिथं 'पालादार' म्हणतात. हे नाव आलं ब्राझीलच्या एका दूरदर्शन मालिकेतल्या उपाहारगृहावरून. साठच्या दशकात ज्या बीटल्सच्या गाण्यांकडे सरकार डोळे वटारून बघायचं, त्यांतल्या जॉन लेननचा पुतळा ८ डिसेंबर २००० रोजी फिडेल यांच्याच उपस्थितीत एका बागेत बसवला गेला. पुतळ्याचा चष्मा सारखा चोरीला जाई, म्हणून तो खिशात बाळगणारा एक म्हातारा तिथं नेमलेला. फोटो काढायचा असला की तो चष्मा घालून देई.

आणि बाईंचा नातू! बावीस-तेवीस वर्षांचा, संगणकाचं शिकलेला. त्याचा धंदा 'पाकेते'चा. म्हणजे आठवड्याचं पुडकं. इंटरनेट महाग आणि दुर्मिळ, म्हणून दर आठवड्याला एका हार्डडिस्कवर जगभरचे सिनेमे, कोरियन मालिका, गाणी, खेळ भरून येत, आणि ही मुलं घरोघर जाऊन ते उतरवून देत. दूधवाल्यासारखा त्याचा रतीब होता. २०१५ पासून बागांमध्ये सार्वजनिक वाय-फाय आलं होतं, तासाला एक परिवर्तनीय पेसो. संध्याकाळी फुटपाथच्या कडेला सबंध कुटुंबं एका फोनभोवती बसलेली दिसत. पलीकडे कुणाचा तरी मुलगा, मायामी किंवा माद्रिदमधून. आजीला फोन जवळ धरायचा की लांब ते कळत नसे.

सरकारी नोकरीत तेव्हा सरासरी पगार महिन्याला तीस डॉलरच्या आसपास होता. आमच्या खोलीचं एका दिवसाचं भाडंही तेवढंच. हा हिशेब मला बाईंनी नाही, त्यांच्या नातवानं करून दाखवला. "आजीनं चाळीस वर्षं शिकवलं," तो म्हणाला. "पण हे घर तुमच्यासारख्यांच्या झोपण्यावर चालतं."

एक फोटो

पुढचं सगळं आम्ही इथं बसून ऐकलं. अमेरिकेनं धोरण फिरवलं, जून २०१९ मध्ये तिथून येणारी पर्यटक जहाजं बंद झाली. मग कोविडची साथ. जानेवारी २०२१ मध्ये परिवर्तनीय पेसो रद्द झाला. कागदावर रांग एक झाली, पण तोवर परकीय चलनाच्या कार्डावर चालणारी नवी दुकानं उघडली होती. ११ जुलै २०२१ रोजी लोक गावोगाव रस्त्यावर आले आणि शेकडोंना तुरुंगात जावं लागलं. कधीकाळी वर्षाला ऐंशी लाख टन साखर काढणाऱ्या या देशाचं उत्पादन २०२३ च्या हंगामात चार लाख टनांच्याही आत आलं. आपल्या कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. मॅकडोनाल्ड आलंच नाही. आम्ही ज्या बदलाला भीत होतो तो झाला नाही, आणि बाई ज्याची वाट बघत होत्या तोही नाही. लोकच निघून गेले.

नोव्हेंबर २०२१ मध्ये निकाराग्वानं क्युबन लोकांना व्हिसा माफ केला. पुढच्या काही महिन्यांत बाईंचा नातूही त्या वाटेनं गेला. निकाराग्वापर्यंत विमान, मग जमिनीवरून तीन देश ओलांडून अमेरिकेची सीमा. पोचल्यावर फ्लोरिडातून त्याचा मेसेज आला होता. गोदामात कामाला लागलो म्हणाला.

ऑक्टोबर २०२४ मध्ये साऱ्या क्युबाची वीज गेली. बातमी वाचली तेव्हा मला फळीवरचा कंदील आठवला, आणि मी त्याला विचारलं, आजी कशा आहेत? उत्तर दोन दिवसांनी आलं. बाई त्याच उन्हाळ्यात गेल्या होत्या. त्याला जाता आलं नाही. खाली एक ओळ होती: तुम्ही खूप फोटो काढले होते, आजीचा एखादा आहे का?

त्या रात्री आम्ही दोघांनी सगळे फोटो काढून पाहिले. चारशेहून जास्त होते. गुलाबी गाड्या, सज्जे, वाळत घातलेले कपडे, चष्मा घातलेला लेनन, चष्म्याशिवायचा लेनन. पोपडे उडालेल्या भिंतींचे तर साठ-सत्तर. बाई कुठंच नव्हत्या. शेवटी पत्नीला एक सापडला. अंगणातल्या त्याच भिंतीचा, आणि उजव्या कडेला, फोटोत चुकून आलेला, कॉफीचा कप पुढे करणारा एक हात. मनगटावर जुनं घड्याळ.

तोच पाठवला, दुसरा नव्हताच. थोड्या वेळानं त्याचं उत्तर आलं, "हो, हात तिचाच आहे."